‘ती इमारत आमची नाही’

पत्र:

‘माझा लिफ्ट देखभालीचा छोटा व्यवसाय आहे. हाताखाली अकरा मेकॅनिक. आमच्या भागात असे आम्ही नऊ जण, आणि नऊ जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. आधी त्यावर सुटे भाग कुठे मिळतील, कुणाकडे लिफ्टचा जादा रोप (तारेचा दोर) पडलाय, असलंच चालायचं. चार महिन्यांपूर्वी ॲडमिननं लिहिलं, “एक तारखेपासून एएमसीला (वर्षभराच्या देखभाल कराराला) या दराच्या खाली कुणी जायचं नाही. आणि एकमेकांच्या इमारतींना हात लावायचा नाही.” ॲडमिनचा स्वतःचा धरून सात अंगठे आले. मी काहीच लिहिलं नाही. पुढे दर मीही वाढवले, पण सामान महागलंच होतं, नाहीतरी वाढवणार होतो. मध्यंतरी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या इमारतीची लिफ्ट तीन दिवस बंद होती आणि नेहमीचा माणूस येत नव्हता. मी “ती इमारत आमची नाही” म्हणून फोन ठेवला. गेल्या आठवड्यात दुसऱ्याच एका इमारतीच्या सचिवांनी तीन कोटेशनं माझ्यासमोर टेबलावर मांडली. एक माझं होतं. ग्रुपमधल्या एकानं मजकूर पाठवला होता, मी तो फक्त माझ्या लेटरहेडवर छापला होता. सचिव म्हणाले, “तिन्हींत देखभालचं देखबाल कसं काय झालं?” मला उत्तर देता आलं नाही. मी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही, तरी मी दोषी? आणि लिफ्ट बनवणारी बडी कंपनी आम्हाला लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरचा पासवर्ड देत नाही, पार्ट देत नाही, तिला कायदा का विचारत नाही? आम्ही पोटापाण्यासाठी धडपडणारी माणसं.’
— ग्रुपमधला नववा

उत्तर:

नमस्कार,

तुम्ही अंगठ्यांबद्दल विचारलंय आणि मी अडकलेय त्या बाईंच्या फोनपाशी. तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

लिफ्ट तीन दिवस बंद. नेहमीचा माणूस ‘आज येतो, उद्या येतो’ करतोय. बाईंनी त्याच्याशी वाद घालत न बसता दुसरा नंबर शोधला आणि फोन लावला. ग्राहकाकडे याहून मोठं हत्यार नसतं. वादात बाई हरणारच, कारण कंट्रोलरच्या पेटीत काय जळलंय ते मेकॅनिकला कळतं, त्यांना नाही. पण ‘तुम्ही येत नसाल तर दुसऱ्याला बोलावते’ एवढं ऐकलं की तोच मेकॅनिक संध्याकाळच्या आत टूलबॅग घेऊन दारात उभा राहतो. तुमच्या ग्रुपनं नेमकं हे वाक्य निकामी करून टाकलं. तो माणूस तीन दिवस निवांत बसू शकला, कारण उरलेल्या आठांपैकी कुणीही जाणार नाही याची त्याला खात्री होती. त्या आठांत तुम्ही होता.

दरवाढ निदान बिलावर दिसते. लोक कुरकुरतात, घासाघीस करतात. इमारती वाटून घेतल्याचं मात्र कुठल्याच बिलावर लिहिलेलं नसतं. बाईंना आजही वाटत असेल की त्या दिवशी आपलं नशीबच खोटं होतं. चुकीच्या सेवेबद्दल त्या आपल्या मेकॅनिकविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाऊ शकतील, काही रक्कमही मिळेल. पण दुसऱ्याच्या ‘नाही’मागे काय होतं, हे त्या न्यायालयाला कळायला मार्ग नाही. ग्राहक संरक्षण कायदा बिघडलेल्या व्यवहाराची दाद घेतो. स्पर्धा कायदा त्याच्या एक पायरी अलीकडे उभा असतो. ग्राहकानं दुसरीकडे वळायचं ठरवलं तर तिथे खरोखर कुणी दुसरा आहे का, एवढंच तो बघतो. म्हणून जगभरच्या स्पर्धा कायद्यांत चार गोष्टी सर्वांत गंभीर धरतात: भाव ठरवून घेणं, माल किंवा सेवा मुद्दाम कमी करणं, गिऱ्हाइकं वाटून घेणं आणि निविदांत संगनमत. चारांपैकी तीन तुमच्या एका पानाच्या पत्रात आहेत.

तुम्हाला घाबरवायचं म्हणून नाही, पण तुमच्याच धंद्यातलं एक प्रकरण सांगते. २००७ च्या फेब्रुवारीत युरोपीय आयोगानं (युरोपीय संघात स्पर्धा कायदा राबवणाऱ्या संस्थेनं) ओटिस, कोने, शिंडलर आणि थिसेनक्रुप यांना मिळून ९९ कोटी २० लाख युरोंचा दंड ठोठावला. बेल्जियम, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या चार देशांत लिफ्ट आणि सरकते जिने बसवण्याची आणि देखभालीची कामं त्यांनी आपसांत वाटून घेतली होती. कुठलं काम कुणाला मिळणार ते आधी ठरायचं, मग बाकीचे मुद्दाम चढे भाव भरायचे. भेटीगाठी बारमध्ये, रेस्टॉरंटमध्ये, कधी गावाबाहेर. माग लागू नये म्हणून प्रीपेड सिमकार्डं. म्हणजे आपण काय करतोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्या ग्रुपनं सगळं व्हॉट्सॲपवर तारीख-वेळेसकट लिहून ठेवलंय, त्यावरून मला वाटतं तुम्हाला बहुतेक ठाऊक नव्हतं. कायद्यापुढे त्यानं फारसा फरक पडत नाही, माझ्या मनात थोडा पडतो.

त्या प्रकरणाला एक मजेशीर शेपूट आहे. या कंपन्यांच्या लिफ्ट खुद्द युरोपीय संस्थांच्या इमारतींतही होत्या. तेव्हा आयोग गिऱ्हाईक या नात्यानं भरपाई मागायला ब्रुसेल्सच्या न्यायालयात गेला. दंड करणाराही तूच आणि फिर्यादीही तूच, हे कसं चालेल, असा कंपन्यांचा आक्षेप. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की चालेल, फसलेल्या गिऱ्हाइकाचा हक्क आयोगालाही आहे. ऑस्ट्रियातल्या लिफ्ट प्रकरणात तर २०१४ मध्ये हेच न्यायालय आणखी पुढे गेलं. तिथे रेल्वेच्या एका कंपनीनं संगनमताबाहेरच्या पुरवठादाराकडून लिफ्ट घेतल्या होत्या. पण बाजारातले भाव संगनमतानं चढले, म्हणून बाहेरच्यानंही आपला भाव चढवला, आणि तो जादा भुर्दंडही संगनमत करणाऱ्यांकडून मागता येऊ शकतो, असा निकाल आला. तुमच्या भागात ग्रुपबाहेरचा कुणी दहावा असेल आणि तुमचे दर बघून त्यानं आपले वाढवले असतील, तर त्याच्या गिऱ्हाइकांचं नुकसानही तुमच्याच दारात येऊन उभं राहू शकतं.

आता तुमच्या गप्प बसण्याविषयी. रोजच्या बोलण्यात ‘मी काही बोललो नाही’ म्हणजे ‘मी त्यात नव्हतो’. या कायद्यात तसं नाही. लिथुआनियात प्रवासी कंपन्यांची एक सामाईक ऑनलाइन बुकिंग यंत्रणा होती, ई-तुरास. २००९ मध्ये यंत्रणा चालवणाऱ्यानं आतल्या मेलबॉक्समधून सगळ्यांना कळवलं की इथून पुढे ऑनलाइन सवलत तीन टक्क्यांपर्यंतच. यंत्रणेतही तसा अडसर घातला. कुणी होकार कळवला नाही, कुणी नकारही. २०१२ मध्ये तिथल्या स्पर्धा परिषदेनं तीस प्रवासी कंपन्यांना जबाबदार धरलं. छोट्या-छोट्या कंपन्या होत्या, त्यांचंही म्हणणं तुमच्यासारखंच, आम्ही कुठे काय म्हटलं? प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये निकाल आला. नुसता निरोप पाठवला गेला एवढ्यावरून तो वाचला गेला असं धरता येणार नाही. पण वाचल्याचं इतर गोष्टींतून दिसत असेल आणि तरीही कंपनीनं उघडपणे अंग काढून घेतलं नसेल, अधिकाऱ्यांना कळवलं नसेल, किंवा ठरलेल्यापेक्षा जास्त सवलत सातत्यानं देऊन आपण त्यात नाही हे दाखवलं नसेल, तर ती सामील होती असं मानता येईल.

आणि तुमच्या ग्रुपमध्ये तर निळ्या टिका आहेत.

यामागचा विचार मला पटतो. भाव ठरवणाऱ्यांच्या बैठकीत गप्प बसलेला माणूस बाकीच्यांना धीर देत असतो. सातांनी अंगठे दिले आणि आठवा-नववा गप्प राहिला, तेव्हा त्या सातांनी काय समजायचं? हे दोघं स्वस्तात काम घेणार नाहीत, हेच. तुम्ही एक ओळ खरडली असती, ‘मला यात धरू नका’, तर त्यांचा अर्धा बेत तिथेच ढासळला असता.

पण खरं सांगायचं तर तुम्ही आता गप्प बसलेल्यांत मोडतही नाही. ते लेटरहेड आहे ना! ‘सपोर्ट कोटेशन’ दे, तुझं काय जातंय, असं म्हणून मित्र मजकूर पाठवतो आणि आपण छापून देतो. तुमच्या धंद्यात हे शिष्टाचारासारखं चालतं, आज मी तुला, उद्या तू मला. सचिवांच्या बाजूनं बघा. तीन कोटेशनं मागवायची पद्धत पडली ती तीन जणांनी वेगवेगळा विचार केलेला असेल, या भरवशावर. त्यांच्या टेबलावर आला तो एकाच डोक्यातला विचार, तीन लेटरहेडांवर. ओईसीडी या प्रामुख्यानं विकसित देशांच्या आर्थिक संघटनेनं २००९ मध्ये निविदांतलं संगनमत ओळखण्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या, त्यांत वेगवेगळ्या निविदांत सापडणाऱ्या त्याच त्या शुद्धलेखनाच्या चुका आहेत. तुमच्या सचिवांनी ती यादी वाचली असेल असं नाही. नीट वाचणाऱ्या माणसाला तेवढं दिसतंच.

सामान महागल्यानं दर वाढवले, हे मात्र तुमच्या बाजूचं आहे. रोप, ब्रेक लायनिंग, दरवाजाचे रोलर यांचे भाव चढले तर नऊ जणांचे दर एकाच हंगामात वर जाणं नवलाचं नाही. शेजाऱ्यानं जाहीर केलेला दर बघून आपला ठरवणं हाही गुन्हा नाही. नुसते दर सारखे दिसले म्हणून संगनमत सिद्ध होत नाही. घोडं पेंड खातं ते आधीच्या बोलण्यापाशी. ग्रुपवर दर ठरला, एक तारीख ठरली आणि तुमचा दर त्याच सुमाराला त्याच आकड्यावर गेला, तर ‘मी माझ्या हिशेबानं वाढवला’ हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. तेव्हाची खरेदीची बिलं, मजुरीचा हिशेब, दर ठरवताना वहीत केलेली आकडेमोड असेल तर जपून ठेवा. नसेल तर जुन्या तारखेनं तयार करायच्या भानगडीत चुकूनही पडू नका.

‘आम्ही छोटे’ हा बचाव फार लोक करतात. त्याचं मूळ समजतं. १८९० चा अमेरिकेचा मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा जन्मला तो तेल आणि रेल्वेच्या अजस्र ट्रस्टांवरच्या, म्हणजे एकत्र येऊन बाजार ताब्यात ठेवणाऱ्या कंपन्यांच्या गटांवरच्या, संतापातून, त्यामुळे हा कायदा हत्तींसाठी आहे, मुंग्यांसाठी नाही, असं वाटत राहतं. एकट्या कंपनीच्या वर्चस्वाचा प्रश्न असतो तेव्हा ते बऱ्यापैकी खरंही आहे. वर्चस्वच नसेल तर गैरवापर कशाचा? पण नऊ मुंग्या ठरवून एकत्र आल्या की बाईंच्या इमारतीपुरता हत्तीच तयार होतो. दंडाचे आकडेही मुंगी बघून ठरत नाहीत. युरोपात उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड, अमेरिकेत व्यक्तीला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास, भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात संगनमत चाललं त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते.

बड्या कंपनीबद्दलचा तुमचा राग मात्र अस्थानी नाही. तिला कायदा विचारत नाही हे खरं नाही, कुणी तक्रारच घेऊन जात नाही हे जास्त खरं. यंत्र विकायचं आणि मग सुटे भाग, पासवर्ड, तांत्रिक माहिती बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना न देऊन गिऱ्हाइकाला जन्मभर बांधून ठेवायचं, हा खेळ जुना आहे. अमेरिकेत कोडॅकनं आपल्या फोटोकॉपी यंत्रांचे भाग स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना देणं आवळलं. ‘यंत्रांच्या बाजारात आम्हाला भरपूर स्पर्धा आहे, मग दुरुस्तीत आमची मक्तेदारी कशी असेल’ हा तिचा युक्तिवाद होता. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तेवढ्यावर खटला गुंडाळायला नकार दिला, कारण एकदा महागडं यंत्र घेतलेला माणूस सहजी दुसरीकडे जाऊ शकत नाही. भारतात २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना याच कारणावरून दंड केला, सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात येऊ देत नाहीत म्हणून. लिफ्टची गोष्ट वेगळी कशी असेल? सातव्या मजल्यापर्यंत गेलेले रूळ उपटून कुणी नवी कंपनी आणत नाही. अर्थात सुरक्षिततेचं कारण कंपनी पुढे करेल आणि ते दर वेळी खोटं नसेल. पासवर्ड कुणाच्याही हातात पडू नये, हे तुम्हीही मान्य कराल. म्हणून मागणी अशी हवी की प्रशिक्षित मेकॅनिकला वाजवी अटींवर तो मिळावा. लेखी मागा. नकार लेखी आला की तक्रारीचं पहिलं पान तयार झालं. यासाठी नऊ जणांनी एकत्र येऊन अर्ज केला तर त्यात काही गैर नाही. सुरक्षेचं प्रशिक्षण एकत्र घ्या, अडल्या वेळी रोप उसना द्या, सरकारकडे नियम बदलून मागा. दर, गिऱ्हाइकं आणि निविदा यांविषयी बोलायचं नाही. फक्त आधी स्वतःचे हात धुऊन मग तक्रारीला जा, नाहीतर कंपनीचा वकील पहिल्याच दिवशी तुमचा ग्रुप उघडून दाखवेल.

आता काय करायचं ते सांगते, आणि क्रम पाळा, कारण इथे क्रमालाच महत्त्व आहे.

चॅट पुसू नका. पत्र वाचताना मला सगळ्यात मोठी धास्ती याचीच वाटली. ते नऊ फोनांत आहे, तुमच्या एका फोनमधून गेल्यानं नाहीसं होत नाही, आणि पुसल्याचं उघड झालं की मूळ चुकीपेक्षा तेच जास्त नडतं. दर ठरवणं, इमारती सोडणं, उसनी कोटेशनं, हे आजपासून बंद.

याच आठवड्यात स्पर्धा कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. घरचे भाडेकराराचे वकील नकोत. पहिला प्रश्न विचारायचा तो दंडमाफीच्या योजनेविषयी. बहुतेक देशांत ही योजना आहे. जो पहिला जाऊन सगळं सांगतो त्याला पूर्ण माफी किंवा मोठी सूट, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला त्याहून कमी. वर सांगितलेल्या लिफ्टच्या प्रकरणात कोनेला बेल्जियम आणि लक्झेंबर्गमध्ये, ओटिसला नेदरलँड्समध्ये पूर्ण माफी मिळाली ती अशीच. भारतात सवलतीचा पहिला आदेश २०१७ मध्ये निघाला, त्यात पंचाहत्तर टक्के दंड माफ झाला. कागदपत्रं जमेपर्यंत रांगेत आपला नंबर धरून ठेवायची सोयही असते, तिला मार्कर म्हणतात. तुमच्या ग्रुपमध्ये आणखी एक गप्प बसलेला आहे हे विसरू नका. तोही कदाचित आत्ता कुणाला तरी पत्र लिहीत असेल.

ग्रुपवर निरोप टाकायचा तो वकिलाला भेटल्यावर, पण लगेच. आधी का नाही? तुम्ही माफीसाठी अर्ज करणार असाल तर तपास सुरू होण्याआधी बाकीच्यांना सुगावा लागू नये अशी अधिकाऱ्यांची अपेक्षा असू शकते. निरोप कसा आणि कधी द्यायचा ते त्यांच्याशी बोलून ठरवावं लागतं. अर्ज करणार नसाल तर मात्र एक दिवसही थांबू नका. नुसतं ‘लेफ्ट’ होऊन जाऊ नका, कारण त्याचा अर्थ काहीही लावता येतो. साधी भाषा पुरे: ‘दर आणि इमारतींबद्दल इथे जे ठरलं ते मला मान्य नाही. मी त्यात नाही. माझे दर मी ठरवेन आणि जो बोलावेल त्याच्याकडे जाईन.’ मग ग्रुप सोडा. कुणी समजूत काढायला फोन केला तर विषय दरावर येताच फोन ठेवा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा.

मग तुमचा दर नव्यानं काढा, तुमच्याच सामानाच्या आणि अकरा माणसांच्या हिशेबावर. तो ग्रुपच्या आकड्याखाली आला तर येऊ दे. वर गेला तरी हरकत नाही. आणि त्या बाईंना फोन करा. मागचं काही सांगत बसू नका, तो भाग वकील सांगेल तसा. करार कधी संपतोय ते विचारा आणि कोटेशन द्या.

सचिवांनाही नवं कोटेशन पाठवायचं असेल तर ते नव्या फाइलमध्ये टाइप करा. ‘देखबाल’वाली जुनी फाइल आहे तशी राहू द्या, त्यातला ब दुरुस्त करायला जाऊ नका.